साइडकारवाली बुलेट : तिन्ही चाकांत हवा किती आणि बॅलन्सिंग करायचं का? (इंदूर)

रामबागची_अनघा
नमस्कार मंडळी. बाबांची जुनी यूसीई इंजिनवाली (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घरात नुसती उभी होती, आणि आईला गुडघ्यांमुळे मागच्या सीटवर पाय टाकून बसता येत नाही, म्हणून डाव्या बाजूला साइडकार बसवून घेतली. आई खूष आहे, सराफ्यापासून थेट महेश्वरपर्यंत यायला तयार असते, पण मी वैतागलेय. एक तर हँडल हलतं. दुसरं, मागचा टायर फक्त मधल्या पट्ट्यात घासून सपाट होऊन राहिलाय. तिसरं, ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते. ज्याने साइडकार बसवली तो म्हणतो तिन्हीत ४० पाउंड भरा ताई काही होत नाही, पंक्चरवाला म्हणतो २५, आणि कार टायरच्या दुकानात बॅलन्सिंगला गेले तर ते म्हणाले हे चाक आमच्या मशीनवर बसतच नाही. कुणाकडे अशी गाडी आहे का? कितीची हवा ठेवता? आणि साइडकारच्या चाकाचंपण बॅलन्सिंग करायचं असतं का?

छप्पन_दुकान
भिया सगळ्यात ३५ भरा आणि पोहे खायला निघा 😄

चेतकवाला_काका
आमच्या वेळी चेतकला साइडकार होती, सगळं कुटुंब त्यात. ३.५०-१० चे टायर, तिन्ही चाकं सारखी आणि स्टेपनीपण तीच, त्यामुळे एक घासला की फिरवाफिरवी करायची. बॅलन्सिंग हा शब्दसुद्धा कुणी ऐकला नव्हता. पण ती गाडी चाळीसच्या वर जायचीच कुठे म्हणा. तुझ्या बुलेटची गोष्ट वेगळी आहे बेटा, १९ इंची चाक आणि बायपासचा स्पीड.

महूचा_फिटर
अनघाताई, आधी एक सांगा, हँडल नक्की कोणत्या स्पीडला हलतं? कारण हलणं दोन प्रकारचं असतं आणि लोक दोन्हीला बॅलन्सिंगच्या खात्यात टाकतात. एक, २५ ते ३५ च्या मधे, खास करून स्पीड कमी होत असताना किंवा एक हात सोडला की हँडल डावीउजवीकडे झुलायला लागतं. ही साइडकारची जुनीच खोड आहे, पुढच्या फोर्कचा ट्रेल (हँडलच्या दांड्याची रेघ जमिनीला टेकते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) सोलो, म्हणजे साइडकारशिवायच्या गाडीसाठी बनवलेला असतो म्हणून होतं, बॉल रेसर (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) ढिला असेल किंवा पुढच्या टायरात हवा कमी असेल तर अजून वाढतं, आणि चाकाला कितीही शिसं चिकटवलं तरी ते जाणार नाही. दुसरं म्हणजे साठ-सत्तरच्या वर हँडलमधे बारीक थरथर येते, स्पीड वाढवला की वाढते, ते बॅलन्सिंगचं काम.

ब्रेकला उजवीकडे ओढते त्याचा हवेशी संबंध नाही. साइडकारच्या चाकाला ब्रेक नसणार. गाडी थांबायला बघते आणि डावीकडचं वजन पुढेच जायला बघतं, मग तोंड उजवीकडे वळणारच. उलट रेस दिली की डावीकडे ओढेल. हात बसला की जाणवणं कमी होतं, पण घाटात साइडकारला ब्रेक असलेला बरा.

आता हवा. ४० वाल्याचं ऐकू नका, २५ वाल्याचंही नको, आधी वजन करा. ट्रकचा धर्मकाटा नको, त्यावर पाचदहा किलो इकडेतिकडे होतात. किराण्याच्या गोदामात पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा असतो तो बघा, तुम्ही आणि आई दोघी बसून एकेक चाक त्यावर घ्या, आणि बाकीच्या दोन चाकांखाली काट्याच्या उंचीच्या फळ्या ठेवा, नाहीतर गाडी कलते आणि आकडा खोटा येतो. मग टायरवर साइजच्या पुढे एक आकडा आणि अक्षर असतं ते वाचा, ५२ म्हणजे २०० किलो, ५७ म्हणजे २३०, ६१ म्हणजे २५७. हे ओझं त्या टायरवर लिहिलेल्या कमाल हवेला असतं. ती कमाल हवा म्हणजे भरायची हवा नव्हे हे मात्र लक्षात ठेवा, साइडकार बसवणारे बहुतेक तिथूनच ४० उचलतात.

रामबागची_अनघा
केलं. सियागंजात ओळखीच्या काकांच्या गोदामात, हमाल लोक कामं सोडून बघत होते, आईने उतरायला नकार दिला. दोघी बसून पुढे ११५, मागे २००, साइडकार १०२. पुढच्या टायरवर ५२ आहे, मागच्यावर ६१, साइडकारला पुढच्यासारखंच चाक आणि टायर आहे. आणि हो, दोन्ही प्रकारचं हलणं आहे 🙈 तीसला झुलतं, आणि सत्तरला बायपासवर हात झिणझिणतात.

महूचा_फिटर
झकास. आता बघा, कंपनी क्लासिकला एकट्यासाठी पुढे २० मागे ३० सांगते आणि दोघांना २२ आणि ३२. दोघं बसले की मागच्या चाकावर दोनशेच्या वरच वजन जातं आणि ते ३२ वर चालतं. तुमचं मागे २०० आहे, म्हणजे ४० ची काही गरजच नाही. ३२-३४ पासून सुरू करा. पुढे वजन जास्त नाही, पण साइडकारमधे गाडी कलत नाही, वळणावर टायर आडवा ढकलला जातो, सोलोत तसं होत नाही, म्हणून पुढे २४ ते २६, २० वर तो रिंगवर लोळतो आणि हँडल जड होतं. साइडकारला सगळ्यात कमी, १८ ते २०. तिथे जास्त भरली तर रिकाम्या गाडीत ते चाक उड्या मारतं. आणि ज्या दिवशी आई नसेल त्या दिवशी साइडकारमधे वीस-तीस किलोचं वाळूचं पोतं बांधून ठेवा, डाव्या वळणावर रिकामी साइडकार उचलली जाते, चेष्टा नाही.

हे आकडे सुरुवातीचे, शेवटचे नाहीत. टायरच्या रुंदीवर आडवी खडूची जाड रेघ ओढा, सपाट रस्त्यावर सरळ थोडं चालवा. खडू फक्त मधला गेला तर हवा जास्त, कडांचा आधी गेला तर कमी. दुसरी परीक्षा, सकाळी थंड टायरची हवा मोजा, तासभर चालवून लगेच परत मोजा. चार पाउंडाहून बरीच जास्त वाढली तर टायर फार लवचतोय, सुरुवातच थोडी वर घ्या. गरम टायरची हवा सोडून आकडा जुळवत बसू नका.

मागचा मधेच घासतो त्यातलं थोडं नशिबाचं आहे. बाइकचा टायर गोल असतो, साइडकारमधे तो कायम उभाच चालतो, कडा वापरल्याच जात नाहीत. ४० वरून खाली आलात की वेग कमी होईल, थांबणार नाही.

मालवा_रायडर
गेज स्वतःचं घ्या. पंपावरची दोन मशीन एकमेकांशी जुळत नाहीत, मग पुढे २४ आणि मागे ३३ असला बारीक हिशोब करून फायदा काय. आणि इंदुरात डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी तीस डिग्रीचा फरक पडतो, साधारण पाच-सहा डिग्रीला एक पाउंड धरा, म्हणजे थंडीत भरलेली हवा उन्हाळ्यात पाच पाउंड वर. नायट्रोजनचे पैसे देऊ नका, साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

रामबागची_अनघा
थँक्यू सगळ्यांना! आता बॅलन्सिंग कसं करायचं तेवढं सांगा कुणीतरी, मशीनशिवाय होतं का?

महूचा_फिटर
होतं, आणि आरेवाल्या चाकाला तेच बरं. पण आधी रिंगची आउट (वाकडेपणा, डुलणं) काढून घ्या, वाकड्या रिंगवर बॅलन्सिंग म्हणजे पैसे पाण्यात. टायर रिंगवर नीट बसलाय का तेही बघा, टायरच्या काठाची रेघ सगळीकडे रिंगपासून सारखी दिसली पाहिजे. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी. मग चाक काढा, अ‍ॅक्सल परत त्यात घाला, दोन सारख्या स्टुलांवर तो टेकवा आणि चाक हळू फिरवून सोडा. जड बाजू खाली येऊन थांबेल. बरोबर वरच्या आऱ्यावर निपलजवळ (रिंगकडच्या टोकाचा नट) सोल्डरची वायर गुंडाळा, परत फिरवा, कमीजास्त करा, कुठेही सोडलं तरी तिथेच थांबलं की झालं. वर टेप लावा. चाक अडखळत फिरत असेल तर बेअरिंग आधी बदला.

पुढच्या चाकापासून सुरू करा, तुमची सत्तरची झिणझिण बहुतेक तिथलीच. मग मागचं. साइडकारचं करा वाटलं तर, पण त्या टायरवर तळहात फिरवून बघा, एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखा लागला तर गडबड बॅलन्सिंगची नाही, टो-इनची आहे, म्हणजे साइडकारचं चाक पुढून बाइककडे किती वळलंय त्याची.

लोकमान्य_नगरकर
थोडं अवांतर. आरसीवर साइडकारची नोंद करून घेतली का? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२७) मधे मोटरसायकलच्या व्याख्येतच काढता येणारी साइडकार धरलीय, म्हणजे तिसरं चाक लागलं तरी कायद्याने ती दुचाकीच. पण गाडीतला बदल कलम ५२ मधे येतो, आरटीओत नोंद हवी. इन्शुरन्सवाल्यांनापण कळवा.

रामबागची_अनघा
अर्ज दिलाय दादा. अपडेट : पुढे २५, मागे ३३, साइडकार १९. पुढच्या चाकाची रिंग बरीच आउट होती, ती काढली, मग दोन स्टूल आणि सोल्डरची वायर. सत्तरची थरथर जवळपास गेली! खडू मागे आता बऱ्यापैकी रुंद पुसला जातो. तीसचं झुलणं मात्र आहे तसंच. आणि साइडकारचा टायर करवतीसारखा लागतोय 😕

महूचा_फिटर
मग आता दोनच कामं. पुढचं चाक अधांतरी करून फोर्क पुढेमागे हलवा, खडखड आली तर बॉल रेसर कसून घ्या किंवा बदला, त्यानेही नाही भागलं तर स्टिअरिंग डॅम्पर (हँडलचं झुलणं दाबणारा छोटा शॉकर). टो-इनसाठी अ‍ॅल्युमिनियमचे दोन सरळ लांब पाइप घ्या, एक बाइकच्या दोन्ही चाकांना लावून आणि एक साइडकारच्या चाकाला, पुढच्या टोकाचं आणि मागच्या टोकाचं अंतर मोजा. पुढे १० ते २० मिलिमीटर कमी पाहिजे, तुमचा फरक या मापाबाहेर असणार. आणि मोजताना आईला साइडकारमधे बसवा, रिकाम्या गाडीचं माप चालत नाही.