आजव्याचं पाणी आणि गावाला सूचना

वडोदऱ्याजवळच्या आजवा जलाशयातून विश्वामित्री नदीत पाणी सोडल्याचा निरोप पंचायतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो, तेवढं पुरे, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. पुरात आधी वीज जाते, मग फोन बंद पडतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली होती! नदीकाठच्या वस्तीत घरोघर जाऊन सांगायला माणसं नेमा, म्हातारी माणसं एकटी राहतात तिथे आधी.

आणि या नदीतल्या मगरी. पाणी चढलं की त्या वस्तीत शिरतात, ओसरल्यावर नाल्यात, गोठ्याजवळ सापडतात. काठ्या घेऊन गर्दी करू नका, मुलं-गुरं दूर न्या, वनखात्याला कळवा. हा विषय पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत घ्यायलाच हवा.