मदत हवी आहे: सर्दी-खोकल्याचे घरचे उपाय, नेमकं प्रमाण किती आणि कोणाला काय चालतं?

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात सध्या सगळेच खोकताहेत. सात वर्षांची लेक शाळेतून सर्दी घेऊन आली, मग माझा घसा धरला, सासूबाईंना कोरडा खोकला लागला आणि आता दहा महिन्यांच्या बाळाचंही नाक वाहायला लागलंय. डॉक्टरांना दाखवून आणलं. छाती साफ आहे, विषाणूंची साधी सर्दी आहे, आठ-दहा दिवसांत जाईल, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, असं ते म्हणाले आणि मला ते पटलंही. प्रश्न आहे तो मधल्या रात्रींचा. लेक आडवी झाली रे झाली की ढास सुरू होते. उठवून बसवलं की थांबते, परत निजवलं की परत तेच.

अशा वेळी आमच्याकडे सगळं आजी बघायची. सहाणेवर सुंठ उगाळायची, त्यात मध कालवून बोटाने चाटवायची. तव्यावर ओवा गरम करून फडक्यात बांधायची आणि छाती-पाठ शेकायची. शेकण्याआधी ती पुरचुंडी दर वेळी स्वतःच्या गालाला लावून बघायची, एकदाही न चुकता. प्रमाण मात्र कोणीच कधी लिहून ठेवलं नाही. सगळं ‘अंदाजाने’ आणि ‘चिमूटभर’. आता आजी नाही आणि आई, मावशी, सासूबाई तिघींचा अंदाज वेगवेगळा आहे.

मला हे उपाय जपायचे आहेत, नीट लिहून काढायचे आहेत. मला स्वतःला त्यांनी खूप वेळा आराम पडलाय. पण आमच्याकडे एकाच पातेल्यातला काढा घरातल्या सगळ्यांना द्यायची पद्धत आहे, आणि तिथेच माझं अडतंय. दहा महिन्यांचं बाळ, शाळकरी मुलगी, अंगावर पाजणारी मी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या सासूबाई, या चौघांना एकच काढा कसा चालेल?

तर विचारायचं ते असं: लेकीला मध-आल्याचं चाटण किती द्यावं आणि कधी? बाळाला मधाचं बोट चाटवा, असं सासूबाई म्हणताहेत, ते द्यावं का? त्यांना स्वतःला ज्येष्ठमधाची काडी चघळायची सवय आहे, ती चालू राहू द्यावी का? आणि गुळण्यांच्या पाण्यात मीठ किती? ज्यांच्या घरात हे नीट मोजूनमापून केलं जातं, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, बाळाचं आधी सांगते, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. वर्षाच्या आत मध अजिबात नको. बोटभर नको, काढ्यातून नको, चोखणीला लावूनही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात, आणि मग त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. शी घट्ट होणं, दूध ओढायला जोर न राहणं, मान न धरणं, रडण्याचा आवाज बारीक होणं अशी त्याची सुरुवात असते. मध उकळून घेतला तरी हा धोका जात नाही, ते बीजाणू उकळत्या पाण्यातही तगतात. तुम्ही स्वतः मध खाल्लात तर चालेल, दुधातून ते बाळाला जात नाहीत. फक्त हात धुऊन मग बाळाला घ्या.

बाळासाठी नाक मोकळं करणं हाच मुख्य उपाय. औषधाच्या दुकानात सलाइनचे नाकाचे थेंब मिळतात. पाजायच्या थोडं आधी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब सोडा, मिनिटभर थांबा, मग मऊ रबरी पंपाने हलकेच ओढून घ्या. एका दमात पिता येत नसेल तर थोडं थोडं, पण वरचेवर पाजा. आणि कोणी कितीही सांगितलं तरी नाकात तेल सोडू नका. ते श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

प्रतिसाद

आमच्याकडे तीन पिढ्या जन्मल्याबरोबर मधाचं बोट चाटवतात. कोणाला काही झालेलं नाही. आपण सगळे त्यावरच वाढलो ना? एवढं घाबरवू नये असं वाटतं.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाबद्दल: हा आजार विरळाच आहे, म्हणून बहुतेक घरांत तो कधी दिसत नाही, हे तुमचं खरं. पण ज्या बाळाला होतो त्याला कित्येकदा कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं. आणि बदल्यात मिळतं काय? दहा महिन्यांच्या बाळाची सर्दी मधाने लवकर बरी होत नाही. वर्ष पूर्ण व्हायला दोन महिने राहिलेत, तेवढं थांबायला काय हरकत आहे? सासूबाईंना ‘देऊ नका’ म्हणण्यापेक्षा ‘वर्षाचा झाला की तुमच्याच हाताने द्या’ म्हणून बघा. आमच्या घरी याने वाद मिटला होता.

प्रतिसाद

लेकीसाठी लिहिते. वर्षावरच्या मुलांना मात्र मध जरूर द्या. घरच्या उपायांमध्ये माझा सर्वांत जास्त भरवसा त्याच्यावर आहे. मुलांच्या खोकल्यावर त्याचे रीतसर अभ्यास झालेत आणि निजायच्या वेळी दिलेल्या मधाने रात्रीची ढास कमी झाल्याचं त्यांत दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या पुस्तिकेतही घसा निववणारा, स्वस्त उपाय म्हणून त्याचा उल्लेख आहे.

सात वर्षांच्या मुलीला एक लहान चमचा, म्हणजे ५ मिली, निजण्याच्या अर्धा तास आधी. त्यात आल्याच्या रसाचे चार-पाच थेंब पुरतात. आलं जास्त झालं की मुलांचा घसा चुरचुरतो, मग ती पुढच्या वेळी तोंडच उघडत नाहीत. सुंठ असेल तर अंगठा आणि तर्जनीच्या टोकात मावेल तेवढीच. चाटवल्यावर लगेच पाणी देऊ नका, ते घशावर राहायला हवं. दात घासून घ्यायचे ते नंतर.

आडवं झाल्यावरच ढास लागते, याचं कारण बहुतेकदा नाकात असतं. नाकातलं पाणी मागून घशात उतरतं आणि खोकला चाळवतो. म्हणून निजण्याआधी तिचंही नाक सलाइनने मोकळं करा आणि उशी जराशी उंच द्या (बाळाला मात्र उशी नको, त्याला सपाटच निजवायचं).

गुळण्यांना पेलाभर (साधारण २४० मिली) कोमट पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ. जास्त मिठाने घसा उलट कोरडा पडतो. मुलीला आधी साध्या पाण्याने ‘आ’ करून गुळणी धरता येते का बघा, गिळत असेल तर सोडून द्या.

प्रतिसाद

आमच्या घरात वैद्यकी आहे, म्हणून प्रमाणाबद्दल लिहावंसं वाटलं. प्रमाण कोणी लिहून ठेवलं नाही, असं तुम्ही म्हणता ते घरगुती उपायांपुरतं खरं आहे. शास्त्रात ते चोख आहे. सितोपलादी चूर्ण घ्या: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. दर पायरीला निम्मं. वंशलोचनात भेसळ फार चालते, त्यामुळे हे चूर्ण घरी करण्यापेक्षा खात्रीच्या ठिकाणाहून घ्या आणि मुलीच्या वजनाप्रमाणे मात्रा वैद्यांना विचारून ठरवा.

अडुळशाचं कोणी अजून लिहिलं नाही. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन आणि पुढे अँब्रॉक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधं तयार झाली. म्हणजे हा पाला कमजोर नाही, आणि म्हणूनच तो औषधासारखाच वापरायचा. गर्भारपणात अडुळसा टाळतात, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. कफ घट्ट बसला असेल तर त्याचा उपयोग. तुमच्या सासूबाईंच्या कोरड्या खोकल्याला तो लागू पडेलसं वाटत नाही.

प्रतिसाद

सासूबाईंच्या ज्येष्ठमधाकडे लक्ष द्या. त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम कमी करतं. रोज काडी चघळली तर रक्तदाब वाढतो, वर पाय सुजणं, थकवा, हृदयाचे ठोके अनियमित होणं असंही होऊ शकतं. एरवीच्या माणसाने दोन दिवस घसा बसला म्हणून काडी चघळली तर बिघडत नाही. पण रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना ही सवय नको. खडीसाखर आणि एखादी लवंग तोंडात धरू द्या. लवंगेतल्या युजेनॉलने घसा थोडा बधिर होतो आणि खवखव थांबते.

अजून एक. त्यांची रक्तदाबाची गोळी कोणती आहे? नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असेल (एनालाप्रिल, रामिप्रिल वगैरे) तर त्या गोळीनेच कित्येकांना कोरडा, ठसक्यासारखा खोकला लागतो. तो कुठल्याच काढ्याने जात नाही. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, ते दुसऱ्या गटातली देतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंची गोळी बघितली, रामिप्रिलच आहे! त्यांचा खोकला आमच्या सगळ्यांच्या आधीपासूनचा आहे, हे आता लक्षात येतंय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाळाला मध नाही, हेही त्यांना वर सुचवल्याप्रमाणेच सांगितलं आणि त्या तयार झाल्या.

दोन गोष्टी राहिल्यात. लेकीला आणि बाळाला वाफ द्यावी का? आणि बाळाच्या झबल्याला कापराची पुरचुंडी बांधायचं चाललंय, ते बरोबर आहे का?

प्रतिसाद

कापूर नको, कृपया. पुरचुंडी सुटली आणि बाळाने वडी तोंडात घातली तर थोड्याशा कापरानेही आकडी येते, आणि तीही काही मिनिटांत. दहा महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतंच. कापूर असलेलं मलमही दोन वर्षांच्या आत छातीला नको आणि नाकाला तर कोणत्याच मुलाला नको. आजीची ओव्याची पुरचुंडी शेकायला छान आहे, मुलीला जरूर शेका. ओव्याचा तो वास थायमॉलचा. त्या पुरचुंडीने बरं होतं ते मुख्यतः उबेने आणि जवळ घेण्याने, आणि तेही काही थोडं नाही.

प्रतिसाद

वाफेबद्दल मी जरा कडक लिहिणार आहे. गरम पाण्याचं पातेलं, वर टॉवेल, समोर लहान मूल, हे करूच नका. दर हिवाळ्यात मुलं यात भाजतात, पाणी मांडीवर सांडून. मोठ्यांना वाफेने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण सर्दीचे दिवस काही कमी होत नाहीत. मुलांना हवीच असेल तर न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावून घ्या आणि मुलाला मांडीवर घेऊन पाण्यापासून लांब थोडा वेळ बसा. तेवढी दमट हवा पुरते.

प्रतिसाद

घरचे उपाय चालू असताना कुठे थांबायचं, तेही तुमच्या वहीत लिहाच. बाळ शांत असताना पोटाचं वर-खाली होणं पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले तर डॉक्टरांकडे लगेच न्यायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, दूध सोडणं, ओठ निळसर दिसणं, ही लक्षणं असतील तर सकाळची वाट बघायची नाही. मुलीचा घसा फार दुखत असेल, ताप असेल, घशात पांढरे ठिपके असतील आणि खोकला मात्र नसेल, तर तो स्ट्रेप्टोकोकसचा घसा असू शकतो. त्याला अँटिबायोटिक लागतं, गुळण्यांवर ठेवून चालत नाही. आणि घरात कोणाचाही खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्यायची. कफ हिरवा-पिवळा झाला एवढ्याने मात्र घाबरू नका, साध्या सर्दीतही तो तसा होतो.

धागाकर्ती

हे सगळं उतरवून घेतलं. प्रत्येक उपायापुढे ‘कोणाला नको’ असा एक रकाना केलाय. हळदीच्या दुधाचं राहिलंच की. हळद दुधाबरोबर उकळायची की वरून घालायची?

प्रतिसाद

उकळायची. कपभर दुधाला पाव लहान चमचा हळद, दोन-तीन मिनिटं मंद आचेवर, उतरवताना मिरपुडीची एक चिमूट. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला स्निग्धांश लागतो, म्हणून सायीचं दूध घ्या. मिरीतल्या पायपरिनने ते अंगात जास्त शोषलं जातं. दुधाने कफ वाढतो म्हणून खोकल्यात दूध बंद करतात, पण अभ्यासांत तसं आढळलेलं नाही, फक्त लाळ थोडी दाट लागते. मुलीला अर्धा कप द्या. सासूबाईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रोजच्या रोज नको, आधी विचारून घ्या.