येणेबाकीचा रिपोर्ट एजंटांना पीडीएफमध्ये पाठवायचा की एक्सेलमध्ये?

उद्यमबाग_हिशोब:
नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत अकाउंट्स बघतो. दर महिन्याला विक्री आणि येणेबाकीचा रिपोर्ट एजंट लोकांना जातो, हुबळी, निपाणी, कोल्हापूर शिरोली असे सगळीकडं. आजवर एक्सेल व्हॉट्सअॅपवर टाकायचो पण सगळे मोबाईलवरच उघडतात, कुणाला आकड्यांच्या जागी नुसते ##### दिसतात, कुणाचं कॉलम इकडचं तिकडं, आणि एका महाशयांनी आकडा बदलून तीच फाईल परत पाठवली नि वर "तुमच्याच रिपोर्टात असं हाय की" म्हणून भांडायला उभे. मालक म्हणायलेत सगळं पीडीएफ करा, त्यात कोण काय बदलू शकत नाही. पण १४ कॉलम आहेत ओ. जीएसटी नंबर २९ नं सुरू होणाऱ्या कर्नाटकातल्या पार्ट्यांना सीजीएसटी एसजीएसटी (केंद्राचा नि राज्याचा कर), २७ वाल्या महाराष्ट्रातल्यांना आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा कर), सगळं एकाच शीटवर, ए-फोरवर घेतलं की मुंगीएवढी अक्षरं. काय करावं?

निपाणीचा_एजंट:
मी पलीकडच्या टोकाचा माणूस, मला असले रिपोर्ट येतात 😄 नुसतं बघायचं असेल तर पीडीएफ बेस्ट, गाडीत बसून पण उघडतं. पण मला ते माझ्या वहीशी ताळा करायचं असतं, तेव्हा पीडीएफ म्हणजे डोक्याला ताप, एकेक बिल परत टाईप करत बसा. त्यात काही जण प्रिंट काढून, त्याचा मोबाईलवर फोटो मारून, त्याची पीडीएफ करून पाठवतात. बिल नंबर शोधाय गेलं तर सापडत नाही, कारण आत अक्षरंच नाहीत, नुसतं चित्र. एवढं तरी करू नका राव.

शहापूरची_अक्का:
मालकांना सांगा, पीडीएफ बदलता येत नाही हे खरं नाही. फुकटच्या अॅपमध्ये पण आकडा खोडून दुसरा बसवता येतो. डिजिटल सही म्हणजे डीएससी लावली तर नंतर कुणी हात लावला की सही तपासताना ते कळतं. मार्चअखेरच्या बॅलन्स कन्फर्मेशनला, म्हणजे बाकी बरोबर आहे का विचारणाऱ्या पत्राला तरी लावाच, महिन्याच्या रिपोर्टला गरज नाही, तुम्ही पाठवलेली मूळ फाईल तुमच्या मेलमध्ये तारखेसकट राहू दे म्हणजे झालं.

आता ते १४ कॉलम. येणेबाकी बघणाऱ्याला टॅक्सची फोड कशाला पाहिजे? पार्टी, बिल नंबर, तारीख, बिलाची रक्कम, बाकी, किती दिवस झाले, बस्स. फाउंड्री सरकारच्या उद्यम नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल तर ४५ दिवसांवरची बिलं वेगळी दाखवा, आयकराच्या नियमामुळं (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच)) मार्चला पार्टीलाच त्या खर्चाची वजावट अडकते, मग एजंटला वसुलीला जोर येतो. एक्सेलमध्ये पेज लेआउटला जाऊन पान आडवं, सगळे कॉलम एका पानाच्या रुंदीत, आणि प्रिंट टायटल्समध्ये वरची ओळ द्या, नाहीतर दुसऱ्या पानावर कुठला आकडा कशाचा कळत नाही. टॅलीप्राइम हे हिशोबाचं सॉफ्टवेअर असेल तर अल्ट ई दाबून त्याच रिपोर्टची पीडीएफ पण निघते, एक्सेल पण.

आणि एक, एक्सेल पाठवताना लपवलेले कॉलम सोबत जातात हं! दुसऱ्या पार्टीचे रेट असे बाहेर गेलेले बघितलेत मी. पीडीएफमध्ये छापलेलं तेवढंच जातं. पण पीडीएफवर काळी पट्टी ओढली म्हणजे आकडा गेला असं समजू नका, खालचा मजकूर कॉपी होतो.

खानापूर_रोड:
अक्कांनी सगळं सांगितलंच. पीडीएफला टेबल म्हणजे काय साधारणपणे माहीतच नसतं, हे अक्षर पानावर इथं, ते तिथं, एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून कॉपी केलं की सगळं विस्कटतं. निपाणीकर, तुमच्याकडं मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर डेटा, गेट डेटा, फ्रॉम फाईल, फ्रॉम पीडीएफ करून बघा, सॉफ्टवेअरमधनं निघालेल्या पीडीएफची बरीचशी टेबलं येतात. फोटोवाल्याला मात्र काय उपयोग नाही. पार्टीची नावं जुन्या मराठी कन्नड फॉन्टमध्ये असतील तर पीडीएफमध्ये दिसतात छान, पण शोधाय गेलं की सगळा कचरा. नावं युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर चालतं त्या टायपिंगमध्ये टाका.

उद्यमबाग_हिशोब:
टॅक्सचे कॉलम काढले की ६ च उरले, बरोबर बसतंय. म्हणजे सगळ्यांना पीडीएफ आणि ताळा करणाऱ्यांना त्यांच्या-त्यांच्या पार्ट्यांपुरतं एक्सेल, असंच ना अक्का?

शहापूरची_अक्का:
होय की. फक्त दोन्ही एकाच वेळी काढा, मधे एखादी पावती पडली की दोन फाईलींत दोन बाक्या.