‘अग्नी आहे म्हणून धूर आहे’ यात नेमका कोणता दोष?

तर्कारंभ: ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे’ हे अनुमान बरोबर. मग उलट केलं, ‘पर्वतावर धूर आहे, कारण अग्नी आहे’, की चुकतं. या चुकीला न्यायदर्शनावरच्या (भारतीय तर्कपरंपरेवरच्या) एका टिपणात सव्यभिचार (दिलेलं कारण नको तिथेही सापडतं) म्हटलंय, दुसऱ्यात व्याप्यत्वासिद्ध (कारण आणि निष्कर्ष यांचा पक्का संबंधच सिद्ध नाही). पाश्चात्य तर्कशास्त्रातला उत्तरांग (‘जर-तर’मधला ‘तर’चा भाग) मान्य करून पूर्वांग (‘जर’चा भाग) सिद्ध करण्याचा दोष तो हाच का? आणि हा विषय ज्ञानमीमांसेत (ज्ञान कसं होतं याच्या विचारात) मोडतो की तर्कशास्त्रात?

पक्षधर्म: आधी हेतू, म्हणजे दिलेलं कारण (इथे अग्नी), विपक्षात सापडतो का ते बघा. इथे साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते, धूर, म्हणून जिथे धूर नाही ते सगळं विपक्ष. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. हेतू विपक्षात शिरला, म्हणजे ‘साधारण’ नावाच्या प्रकारचा सव्यभिचार. एवढं एक उदाहरण पुरतं.

उपाधी: पुरतं, पण व्याप्ती, म्हणजे ‘जिथे हेतू तिथे साध्य’ हा नियम, का मोडली हे त्यातून कळत नाही. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या न्यायग्रंथात हेच अनुमान व्याप्यत्वासिद्धाखाली येतं आणि कारण दिलंय ओल्या इंधनाचा संयोग. ही उपाधी, म्हणजे लपलेली अट. तिची कसोटी दुहेरी: जिथे जिथे साध्य तिथे ती हवीच, पण जिथे जिथे हेतू तिथे ती असतेच असं नको. धूर असेल तिथे ओलं इंधन असतं. अग्नी असेल तिथे असेलच असं नाही. रोजचं उदाहरण घ्या. ‘तो पास होणार, कारण क्लासला जातो.’ पास होणारा प्रत्येक जण अभ्यास करतो असं धरलं, तर अभ्यास ही उपाधी, कारण क्लासला जाणारा प्रत्येक जण तो करत नाही.

दोन्ही टिपणं बरोबर आहेत. एकाच हेतूत दोन दोष असू शकतात. नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

तर्कारंभ: आणि पाश्चात्य दोष?

पक्षधर्म: तुम्ही व्याप्ती कोणती मांडता त्यावर आहे. ‘जिथे धूर तिथे अग्नी, इथे अग्नी, म्हणून धूर’ असं म्हटलं तर होय, तोच आकारिक (युक्तिवादाच्या रचनेतला) दोष. पण ‘जिथे अग्नी तिथे धूर, इथे अग्नी, म्हणून धूर’ हा युक्तिवाद आकाराने वैध आहे, फक्त पहिलं विधान खोटं. नैयायिक (न्यायदर्शन मानणारा) हे दुसरं रूप तपासतो. म्हणून हेत्वाभासांची, म्हणजे सदोष हेतूंची, यादी पाश्चात्य यादीशी एकास एक जुळवायला गेलात की गोंधळ होतो. परीक्षेत नेमके तिथेच गुण जातात.

उपाधी: शाखेचं उत्तरही यातच आहे. पाश्चात्य विभागणीत तर्कशास्त्र ही ज्ञानमीमांसा, सत्तामीमांसा (अस्तित्वाचा विचार), नीतिशास्त्र यांच्या शेजारी बसलेली वेगळी शाखा. न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून), शब्द (विश्वासार्ह वचनावरून) ही चार प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, आणि हेत्वाभास अनुमानाच्या पोटात येतात. म्हणून तिथे प्रश्न ‘निष्कर्ष विधानांतून निघतो का’ एवढाच नसतो, ‘यातून खरं ज्ञान होतं का’ हा असतो. ‘अग्नी थंड आहे, कारण तो द्रव्य आहे’ हे बाधित, म्हणजे दुसऱ्या प्रमाणाने खोडलेलं, ठरतं ते हात लावून, म्हणजे प्रत्यक्षाने.