टिपणांचे ॲप निवडताना: मजकूर कुठे ठेवावा हे आधी पाहावे, की कुलूप?

दौतटाक (धागाकर्ता):
वकिली करीत असल्यामुळे पक्षकाराशी झालेले बोलणे, उलटतपासणीचे मुद्दे, फेरफाराचे क्रमांक असे सगळे मी फोनवरच टिपून ठेवतो. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करू नये, असे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 132 बजावते. मग तीच गोष्ट एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर, तिला वाचता येईल अशा रूपात, मी का ठेवावी? डिसेंबर 2016 मध्ये एव्हरनोट या टिपणांच्या ॲपने मशीन लर्निंगच्या (संगणकाला नमुन्यांवरून शिकवण्याच्या) कामासाठी आपले काही कर्मचारी ग्राहकांची टिपणे पाहू शकतील असे धोरण जाहीर केले आणि ओरड होताच ते मागे घेतले. धोरण मागे गेले, पण वाचण्याची सोय त्यांच्याकडे होतीच, हे मला अधिक बोचते. म्हणून माझे मत असे की ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये साध्या मार्कडाउन (कुठेही उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या) फाइली लिहाव्यात आणि दोन यंत्रांवरच्या फाइली सारख्या ठेवणाऱ्या सिंकथिंगने फोन व लॅपटॉप एकमेकांना थेट जोडावेत.

कुलूपकिल्ली:
असहमत. सिंकथिंग वाटेत मजकूर कूटबद्ध करते हे खरे, आणि थेट जोडणी न जमल्यास तो रिले (मधल्या) सर्व्हरवरून गेला तरी तिथे कोणाला वाचता येत नाही, हेही खरे. परंतु दोन्ही टोकांना फाइली उघड्याच पडलेल्या असतात. लॅपटॉप दुरुस्तीला दिला, तर दुकानातला मुलगा नोटपॅडमध्ये आपली उलटतपासणी वाचू शकेल. जॉपलिन या दुसऱ्या ॲपबद्दलही अनेकांचा असाच गैरसमज असतो: त्यातले एन्क्रिप्शन (कूटबद्ध करणे) आपण सुरू करावे लागते आणि केले तरी ते सिंकपुरतेच असते, यंत्रावरचा डेटाबेस साधाच राहतो. त्यापेक्षा स्टँडर्ड नोट्स हे ॲप घ्यावे. तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे आपल्याशिवाय कंपनीलाही वाचता येऊ नये असे कुलूप, आपोआप लागू असते आणि 2024 पासून ते ॲप प्रोटॉन या कूटबद्ध ईमेल देणाऱ्या कंपनीच्या छत्राखाली आहे. पासवर्ड विसरलात तर मात्र कंपनीही टिपणे उघडून देऊ शकत नाही. ही किंमत मला मान्य आहे.

फाटकी वही:
आपण दोघेही चोराचाच विचार करीत आहात. माझी टिपणे चोरीला कधी गेली नाहीत, हरवली मात्र आहेत. फोनवर बदललेले टिपण, फोन लॅपटॉपशी जुळण्याआधीच मी लॅपटॉपवरही बदलले आणि फोल्डरमध्ये नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ व तारीख असलेली दुसरी फाइल येऊन बसली. ती रद्दी समजून मी पुसली, आणि फोनवर लिहिलेला मजकूर नेमका तीत होता. चूक माझीच, पण पुसलेली फाइल दुसऱ्या यंत्रावरूनही तितक्याच इमानदारीने पुसली जाते, म्हणजे सिंक हा बॅकअप नव्हे. शिवाय सिंकथिंगचे अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर 2024 मध्ये बंद झाले असून आता स्वयंसेवकांनी चालवलेल्या फोर्कवर (त्याच ॲपच्या वेगळ्या आवृत्तीवर) विसंबावे लागते.

दौतटाक:
अँड्रॉइडचा मुद्दा मला निरुत्तर करतो. पुसण्यावर मात्र उपाय आहे: लॅपटॉपवरील फोल्डरला सिंकथिंगमधले फाइल व्हर्जनिंग (जुन्या प्रती राखण्याची सोय) लावले, की फोनवरून पुसलेल्या वा बदललेल्या फाइलीची जुनी प्रत लॅपटॉपवर राहते. स्टँडर्ड नोट्सबद्दल माझी हरकत एन्क्रिप्शनची नाही, परावलंबनाची आहे. 2023 च्या अखेरीस एव्हरनोटने मोफत ग्राहकांना 50 टिपणांची मर्यादा घातली तेव्हा किती जणांची धावपळ झाली ते आठवावे. साधी फाइल दहा वर्षांनीही उघडेल.

कुलूपकिल्ली:
उघडेल, आणि कोणालाही उघडेल, एवढेच माझे म्हणणे आहे. साध्याच फाइली ठेवायच्या असतील, तर निदान लॅपटॉपची डिस्क कूटबद्ध करा. आणि कोर्टात आपला कारकून तारीख पाहायला फोन मागतो तेव्हा काय करता?

दौतटाक:
तारखांची डायरी कागदाची आहे आणि ती त्याच्याकडेच असते. डिस्कचे मात्र आजवर राहूनच गेले होते. आज रात्री विंडोजमधले डिस्क कूटबद्ध करणारे बिटलॉकर सुरू करतो. फक्त त्याची रिकव्हरी की (अडल्यास डिस्क उघडणारी किल्ली) मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसणार नाही, एवढे पाहावे लागेल.