हेरवाडच्या ठरावानंतरचा प्रश्न : मूल असलेल्या विधवेने पुन्हा लग्न करायचे म्हटले तर?

कृष्णाकाठ :
मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने, पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवण्यास सांगितले. मी तेव्हा मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. आता माझ्या मावसबहिणीचे पाहून प्रश्न पडला आहे. तिचा नवरा करोनात गेला, तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. घरी शिवणकाम करता करता ती बचत गटाचे हिशेब पाहू लागली, गटातल्या बायकांनी तिच्या मुलाला आळीपाळीने सांभाळले, आणि सासरे तर बँकेच्या प्रत्येक कामाला स्वतः तिच्याबरोबर जात. यंदा तिने एका घटस्फोटित शिक्षकाशी लग्न करायचे आहे असे सांगितले, आणि आठवडाभरात सगळे कौतुक आटले. सासरे म्हणतात, "तू खुशाल जा, पोरगा मात्र आमचा." गटातल्या बायकाही गप्प आहेत. ती विधवा राहील या अटीवरच हा आधार मिळत होता, असे मला वाटते. आपले मत काय?

जुना पिंपळ :
आपल्या मांडणीत सासऱ्यांना फारच लवकर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. ज्या माणसाने मुलगा गमावला आणि तरीही सुनेला बँकेची पायरी चढायला शिकवले, त्याच्या हाती आता नातवाखेरीज काय उरले आहे? शिवाय जमिनीचा प्रश्न असतो. उद्या नव्या नवऱ्याने जमीन विकायला लावली, तर नातू मोठा झाल्यावर कोणाला जाब विचारणार? आणि मुलाला कोणी विचारले आहे का? तोही आता नऊ-दहा वर्षांचा असेल.

वकिली चष्मा :
1856 च्या कायद्याने विधवेला लग्नाची मुभा दिली, पण लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. गावोगावी लोकांच्या डोक्यात अजून तोच कायदा आहे, असा माझा अनुभव आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पतीच्या मृत्यूबरोबर पत्नीला मिळालेला वाटा तिच्या पुनर्विवाहाने जात नाही. मुलाचा वाटा तर त्याचाच असतो. सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईचे नाव लागते, ते केवळ सांभाळ करणारी म्हणून, मालकीण म्हणून नव्हे, आणि मुलाच्या मालकीची स्थावर मिळकत विकायला तिला न्यायालयाची परवानगी लागते. अर्थात जमीन सासऱ्यांनी स्वतः कमावलेली असेल आणि ते हयात असतील, तर तीवर आज ना सुनेचा हक्क आहे ना नातवाचा. मग भीती तरी कसली? वडिलांच्या पश्चात आई हीच नैसर्गिक पालक असते, आणि पुन्हा लग्न केले एवढ्यावरून न्यायालय तिच्याकडून मूल काढून घेत नाही. आडनावाचा वाद उद्या निघेलच, म्हणून सांगतो : पुनर्विवाहानंतर मुलाचे आडनाव ठरवण्याचा आईचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये मान्य केला आहे.

एकटीचा उंबरठा :
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. घटस्फोटाला अकरा वर्षे झाली, मुलगी बारावीला आहे, आणि घर भाड्याने मागायला गेले की आजही पहिला प्रश्न "मिस्टर काय करतात?" हाच असतो. बाईला खरा आधार मिळतो की नाही, हे पुन्हा लग्नावरून का मोजायचे? धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये स्वतः विधवेशी विवाह केला, त्यापायी मुरुडकरांचा बहिष्कार सोसला, विवाहोत्तेजक मंडळीही काढली; पण 1896 नंतर त्यांनी आपले बळ लावले ते विधवांच्या शिक्षणाला, हिंगण्याच्या आश्रमाला. शिकलेली, कमावती बाई लग्न करायचे की नाही ते स्वतः ठरवील. मी नाही असे ठरवले आहे, आणि मला कोणी बिचारी म्हणू नये.

कृष्णाकाठ :
'एकटीचा उंबरठा' यांचे म्हणणे मी उलट माझ्याच बाजूचे मानते. बहिणीने ठरवलेच आहे. तिचे ठरवणे इतरांना मोजूनमापून का हवे, एवढेच मी विचारते आहे. मुलाला विचारले आहे. त्याची एकच अट आहे, शाळा बदलायची नाही. 'जुना पिंपळ' यांचे एक मात्र खरे : सासऱ्यांना मी नीट ऐकून घेतले नव्हते. काल फोनवर ते जमिनीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. शनिवारी नातू मुक्कामाला येईल का, एवढेच त्यांनी दोनदा विचारले. शिक्षकांचे घर त्याच तालुक्यात, एसटीने अर्ध्या तासावर आहे. रविवारी बहीण आणि ते शिक्षक दोघेही सासऱ्यांकडे जाणार आहेत, आणि शनिवारचा विषय शिक्षकांनीच काढायचा असे ठरले आहे.

जुना पिंपळ :
तसे असेल तर माझा निम्मा आक्षेप मागे घेतो. उरलेला निम्मा गटातल्या बायकांच्या गप्प राहण्याबद्दल आहे. त्यांच्याशी कोण बोलणार?