सर्किट बोर्डाच्या बारीक छिद्रांतील सोल्डर कशाने काढावे?

प्रश्न (नागपूर): जुन्या इन्व्हर्टरच्या बोर्डावरील कपॅसिटर काढल्यावर ०.८ मिलिमीटरच्या छिद्रांत सोल्डर (भाग बोर्डाला जोडणारा, वितळवून लावलेला धातू) अडकून राहिले आहे. सीताबर्डीत पंप (वितळलेले सोल्डर ओढून घेणारे साधन) घ्यावा की विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याच्या तारांची वेणी)?

उत्तर १: पंपच घ्यावा. मात्र आधी जुन्या सोल्डरमध्ये ६३/३७ प्रमाणाचे (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे) थोडे नवे सोल्डर मिसळावे, कारण ते १८३ अंश सेल्सिअसला वितळते, तर शिसेविरहित सोल्डरला साधारण २१७ अंश लागतात, आणि मिश्रण झाल्यावर ते छिद्राच्या तळापर्यंत सहज प्रवाही होते. सोल्डरिंग आयर्न एका बाजूने टेकवून पंप दुसऱ्या बाजूने चालवावा.

उत्तर २: विक सपाट पॅडसाठी (बोर्डावरील तांब्याच्या जोडजागेसाठी) उत्तम, छिद्रासाठी मला ती फारशी पटत नाही, आणि फ्लक्सशिवाय (सोल्डर नीट वाहावे म्हणून लावायच्या पदार्थाशिवाय) तर मुळीच नाही. ग्राउंडच्या (सर्किटच्या सामाईक जोडणीच्या) रुंद तांब्याला जोडलेले छिद्र उष्णता ओढून घेते, तेथे तापमान वाढवण्यापेक्षा आयर्नला रुंद बिट (टोक) लावावी. एवढ्यानेही न सुटल्यास सोल्डर वितळलेले असतानाच स्टेनलेस स्टीलची सुई घालून ते गोठेपर्यंत फिरवत राहावी. तिला सोल्डर सहसा चिकटत नाही.

प्रश्नकर्ता: बारीक ड्रिल चालेल का?

उत्तर २: बोर्ड दोन थरांचा असल्यास नको. छिद्राच्या आतील तांब्याचा मुलामा निघून दोन्ही थरांचा संपर्क तुटतो.